देवी, नांगर आणि जमिनीचा कागद: अमेरिकी कादंबरीतली वसाहतकरी स्त्री

आज एका पुतळ्यापासून सुरुवात करू या. अमेरिकेत मेरीलँडपासून कॅलिफोर्नियापर्यंत 12 राज्यांमध्ये, 1928 आणि 1929 साली, एकाच मूर्तीचे 12 पुतळे उभे राहिले. नाव ‘मॅडोना ऑफ द ट्रेल’. एका हातात तान्हं मूल, दुसऱ्या हातात बंदूक, झग्याला बिलगलेला एक लहान मुलगा. मॅडोना म्हणजे येशूची आई. म्हणजे बघा, पश्चिमेकडे निघालेल्या एका साध्या बाईला थेट देवमातेचं नाव दिलं गेलं.

समीक्षेत आपण याला आदिबंध म्हणतो. माणसाच्या मनात खोल रुजलेली आणि पुन्हा पुन्हा नव्या वेषात येणारी प्रतिमा. आपल्याकडे शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो, त्याच्या मुळाशीही असाच आदिबंध आहे. आजचा प्रश्न असा की, देवी करून टाकल्यावर त्या हाडामांसाच्या बाईचं काय होतं?

आधी थोडा इतिहास. 1862च्या होमस्टेड कायद्यानं सरकारी जमिनीतले 160 एकर मिळवता येत. अट अशी, की पाच वर्षं तिथं राहायचं आणि जमीन कसायची. अर्जदार 21 वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा. त्यामुळे अविवाहित किंवा विधवा बाईला स्वतःच्या नावावर दावा लावता येई. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला मात्र सहसा नाही. म्हणजे बाई शेतकरी आहे हे कायदा मान्य करत होता, पण लग्न होईपर्यंत!

आता विला कॅथरकडे येऊ. जन्म 1873, व्हर्जिनियातला. 1883 मध्ये कुटुंब नेब्रास्काला आलं. पुढे तिनं लॅटिन-ग्रीक वाचलं, पिट्सबर्गमध्ये लॅटिन शिकवलंसुद्धा. त्यामुळे धान्याची ग्रीक देवता डिमिटर तिला काही परकी नव्हती.

1913 सालच्या ‘ओ पायोनियर्स!’ या कादंबरीत मरणाच्या दारातला स्वीडिश बाप शेताचा कारभार मुलांच्या नव्हे, तर मुलीच्या, अलेक्झांड्राच्या हाती देतो. दुष्काळात शेजारी जमिनी विकून जातात, तेव्हा ही आणखी जमीन घेते. जणू तिच्या प्रेमाला माळरान प्रतिसाद देतं आणि पिकाचा समुद्र उभा राहतो. ही झाली डिमिटर. पण पुढचा प्रसंग विसरू नका. ती लग्न करील अशी शंका येताच भाऊ भांडायला येतात. त्यांचं म्हणणं काय, तर घराण्याची मालमत्ता शेवटी पुरुषांची! देवी चालते, जमिनीचा कागद हातात धरलेली देवी चालत नाही.

1918 सालची ‘माय अँटोनिया’ याहून गुंतागुंतीची आहे. बोहेमियातून आलेली ही मुलगी. पहिल्याच हिवाळ्यात बाप आत्महत्या करतो, आणि ती पुरुषासारखी नांगर धरते. पुढे फसवली जाते, कुमारी माता होऊन परत येते. शेवटी भेटते तेव्हा दहा-अकरा मुलांची आई. फळं साठवायच्या भुयारी कोठारातून तिची मुलं उजेडात धावत येतात, तो प्रसंग वाचताना पाताळातून परतणारी डिमिटरची लेक पर्सेफनी अनेकांना आठवते. तिला मानववंशाची आद्यमाता म्हणून बघतो कोण? निवेदक जिम बर्डन. आणि हा जिम कोण? व्हर्जिल वाचलेला, न्यूयॉर्कला राहणारा, एका रेल्वे कंपनीचा वकील! रेल्वे कंपन्यांनी तर या प्रदेशातली जमीन वसाहतकऱ्यांना विकली होती. म्हणजे मिथक रचणारा माणूस दूर, आरामात बसलाय. अँटोनियाचे मात्र दात पडलेत, अंग कष्टानं झिजलंय. कॅथरनं दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. मला हा तिचा प्रामाणिकपणा वाटतो.

दुसरी बाजू ओ. ई. रोलवागनं दाखवली. त्याची ‘जायंट्स इन द अर्थ’ मुळात नॉर्वेजियन भाषेतली, इंग्रजीत 1927 साली आली. तिथं बेरेट नावाची बाई आहे. डकोटाच्या त्या अथांग गवतात लपायला एक झाडही नाही, या भीतीनं तिचं मन ढासळतं. ती खिडक्या झाकते, घरून आणलेल्या जुन्या पेटीत शिरून बसते. नवरा पेर हान्सा परीकथेतला राजपुत्र असल्यासारखा राज्य उभारतोय, आणि बायको त्याच परीकथेत गुदमरते. पुतळा बेरेटचा उभारला जात नाही.

आणि शेवटी ज्यांची जमीन, त्यांच्याविषयी. कॅथरचं गाव रेड क्लाउड. हे नाव एका ओग्लाला लकोटा प्रमुखाचं. जवळून रिपब्लिकन नदी वाहते. तिच्या खोऱ्यात पूर्वी पॉनी लोकांची गावं होती. त्यांच्या स्त्रिया मका, घेवडा, भोपळा पिकवायच्या. मक्याला ते लोक माता मानायचे. 1870च्या दशकात त्यांना नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. कॅथर कुटुंब आलं ते त्यानंतर जेमतेम दहा वर्षांत. म्हणजे ‘कोऱ्या’ म्हटल्या गेलेल्या त्या जमिनीवर धान्यमाता ग्रीसहून आणायची गरजच नव्हती. ती तिथं आधीच होती, आणि तिच्या लेकींना हाकलण्यात आलं होतं.

‘माय अँटोनिया’त एक छोटा तपशील आहे. पहिला बर्फ पडल्यावर गवतातलं एक मोठं, एरवी पुसट वर्तुळ ठळक दिसू लागतं. तिथं म्हणे पूर्वी इंडियन लोक घोडे दौडवायचे. कादंबरी तिथं थांबत नाही, पुढे जाते. वाचकानं मात्र थांबावं. आदिबंध खोटा असतो असं मी म्हणत नाही. त्यानं कष्टकरी बाईला साहित्यात मोठी जागा दिली. पण कुणाला देवी म्हटलेलं वाचलं, की तीन प्रश्न जरूर विचारा: हे म्हणतंय कोण? जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे? आणि तिच्याआधी इथं कोण पेरत होतं?

इथं थांबतो.