बाल्टिमोरचं जुनं रो-हाऊस: घर तुमचं, पण जमीन कुणाची?

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जुनं रो-हाऊस विक्रीला निघालं की जाहिरात साधारण एकाच साच्याची असते. मूळ विटांची भिंत, दारात संगमरवरी पायऱ्या आणि सोबत नवं किचन, सेंट्रल एसी, वर गच्चीवर लाकडी डेक. फोटो झकास असतात. पण काही जाहिरातींत खाली एक छोटी ओळही असते: 'ग्राउंड रेंट, वर्षाला ९६ डॉलर'. घर घेणाऱ्याने आधी वाचायची ओळ तीच.

ग्राउंड रेंट म्हणजे भुईभाडं. घर तुम्ही विकत घेता, पण त्याखालची जमीन दुसऱ्याच कुणाच्या तरी मालकीची राहते. करार ९९ वर्षांचा असतो आणि मुदत संपली की पुन्हा ९९ वर्षांसाठी वाढवता येतो, असा कायमचाच.

ही पद्धत आली कुठून?

इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातून. पुढे बिल्डरांना ती सोयीची वाटली. जमिनीची किंमत वगळल्यामुळे घर स्वस्त पडायचं आणि कामगार कुटुंबांनाही ते परवडायचं. जमीनमालकाला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळत राहायची. भाडं बहुतेक ठिकाणी आजही वर्षाला काही दशक किंवा शे-दोनशे डॉलर इतकंच असतं, आणि सहसा ते सहा-सहा महिन्यांनी दोन हप्त्यांत भरायचं असतं.

रक्कम किरकोळ असल्यामुळेच लोक ती विसरायचे. २००६ मध्ये 'बाल्टिमोर सन' या वृत्तपत्राने दाखवून दिलं की, अशा किरकोळ थकबाकीपोटी आधीच्या काही वर्षांत पाचशेहून अधिक घरं कोर्टामार्फत जमीनमालकांच्या ताब्यात गेली होती. थकबाकी वजा करून उरलेली किंमत घरमालकाला मिळाली असती, तरी एक वेळ समजण्यासारखं होतं. इथे आख्खं घरच जायचं.

गदारोळ झाल्यावर २००७ मध्ये मेरीलँड राज्याने कायदे बदलले. घरांसाठी नवे ग्राउंड रेंट करार करायला बंदी आली आणि जुन्या करारांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी नसेल तर भाडं वसूल करता येत नाही. घर ताब्यात घेण्याचा मार्गही बंद केला होता, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. म्हणजे जुन्या करारांवरची टांगती तलवार पूर्ण गेलेली नाही.

सुटका मात्र महाग नाही. १८८८ नंतरच्या बहुतेक जुन्या करारांत वार्षिक भाड्याला ०.०६ ने भागलं की जमीन सोडवून घ्यायची रक्कम निघते. ९६ डॉलर भाडं असेल तर १,६०० डॉलर, वर कागदपत्रांचा खर्च. लाखो डॉलरच्या घराच्या मानाने ही चिल्लरच म्हणायची.

जुन्या घरात काय काय दडलेलं असतं?

महाराष्ट्रात रो-हाऊस म्हटलं की गेट असलेली नवी स्कीम डोळ्यांसमोर येते. बाल्टिमोरचं रो-हाऊस वेगळं. घराला घर चिकटून उभी असलेली गल्लीच्या गल्ली. बोळांतली काही घरं जेमतेम १२ फूट रुंद. दारातल्या पायऱ्यांचा संगमरवर शहराजवळच्या कॉकीजव्हिलच्या खाणींतला. राजधानीतल्या वॉशिंग्टन स्मारकालाही तिथलाच दगड वापरला आहे. या पायऱ्या घासूनपुसून पांढऱ्याशुभ्र ठेवणं हा इथल्या बायकांच्या अभिमानाचा विषय होता. गायिका बिली हॉलिडे लहानपणी पैशांसाठी लोकांच्या पायऱ्या घासायची.

अनेक घरांच्या दर्शनी भागावर मात्र विटा दिसत नाहीत. १९३७ मध्ये पेटंट घेतलेल्या 'फॉर्मस्टोन' नावाच्या सिमेंटच्या नकली दगडाने त्या झाकल्या गेल्या. दुरुस्ती नको, रंग नको, असं सांगत विक्रेत्यांनी तो दारोदार खपवला. आता नवे मालक तो खरवडून काढतात, तेव्हा खालच्या विटांची खरी अवस्था कळते. या विटा मऊ असतात. सांधे भरताना जुन्या पद्धतीचा चुन्याचा माल वापरावा लागतो. कडक सिमेंट भरलं तर ओल विटेतच अडकते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. 'नुकतंच नूतनीकरण' झालेल्या घरात ही चूक सर्रास सापडते.

दुसरी काळजी शिशाची. घरात शिसंयुक्त रंग वापरायला बाल्टिमोरने १९५१ मध्येच मनाई केली. देशभर बंदी यायला १९७८ उजाडलं. त्याआधीच्या घराचा विक्रेता शिशाबाबत जे जाणतो ते सांगायला बांधील असतो आणि खरेदीदाराला तपासणीसाठी सहसा दहा दिवस मिळतात. घरात लहान मूल असेल तर ही तपासणी टाळूच नये.

संरक्षित भागात दर्शनी बदल करायचे तर शहराच्या वारसा आयोगाची, म्हणजे 'चॅप'ची परवानगी लागते. खिडक्या बदलणंही त्यात आलं. बदल्यात सवलतही मिळते: मंजुरी घेऊन केलेल्या दुरुस्तीमुळे घराचं मूल्य वाढलं, तर त्या वाढीवरच्या मालमत्ता करात दहा वर्षं सूट. ती नव्या मालकाकडेही जाते, पण उरलेल्या वर्षांपुरतीच. जाहिरातीतला कर कमी दिसत असेल तर सूट कधी संपते हे विचारायलाच हवं, कारण त्यानंतर बिल एकदम फुगतं.

आणि शेजारी?

भिंत सामायिक, त्यामुळे शेजारच्या घराचं दुखणं आपल्याकडेही येतं. बाल्टिमोरमध्ये हजारो घरं ओसाड पडली आहेत. त्यामागे जुना इतिहास आहे. १९१० मध्ये शहराने कृष्णवर्णीयांनी आणि गोऱ्यांनी कुठल्या गल्लीत राहायचं हे ठरवणारा कायदाच केला होता. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्दबातल ठरवले, तरी पुढे कर्ज नाकारून तीच विभागणी चालू राहिली. १९७०च्या दशकात शहराने पडीक घरं दुरुस्तीच्या अटीवर एका डॉलरला विकली. ऑटरबाईन भागातली ती घरं आज महागड्या वस्तीत मोडतात. काही भागांत मात्र घरांना अजून गिऱ्हाईक नाही.

शेजारचं घर रिकामं असेल तर त्याच्या गळक्या छपरातलं पाणी मधल्या भिंतीत मुरतं, मग आपल्याकडचं किचन कितीही नवं असो. म्हणून इथले जाणकार घर पाहायला जाताना दोन्ही बाजूंची छपरंही पाहून घेतात, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर.