फराळाचे ताट

दिवाळीत रुमालाने झाकलेले फराळाचे ताट शेजारी जाते आणि तिकडून ते रिकामे परत येत नाही, हे श्रोत्यांना सांगायला नको. पण भाताचे पातेले असे आळीतून कधी फिरले का? नाही! भात-वरण म्हणजे जेवण. ते कुणाच्या हातचे घ्यावे ह्याचे सोवळ्यातले नियम फार कडक. ‘फराळ’ हा शब्द आला ‘फलाहारा’वरून. तळलेल्या-भाजलेल्या जिनसांना ते नियम तितके जाचक नव्हते, म्हणून करंजी-चकलीला उंबरठा ओलांडता आला. (त्या आठवडाभर टिकतात, ही सोय वेगळीच.)

चिवड्यातली मिरची नि शेंगदाणे मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकापूर्वी इकडे कुणाला ठाऊक नव्हते. त्यांचा विटाळ कोणी मानला नाही. माणसांचा मानला. गावकुसाबाहेर फराळ गेला तो वरून टाकलेला, आणि तिकडचे ताट वाड्यात आले नाही. १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे करंजीची काय कथा? १९५० साली राज्यघटना अमलात आली, सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण शेजारून आलेले ताट आत गेल्यावर घरची माणसे खातात की ते तसेच मोलकरणीला देऊन टाकतात, हे त्या कलमाला कसे दिसावे?