पेशी

इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. 1665 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने त्यातील कप्प्यांना ‘सेल’ म्हटले. लॅटिनमधील ‘सेला’ म्हणजे लहान खोली. गंमत अशी, की ते कप्पे रिकामे होते. हूकने पाहिल्या त्या मृत पेशींच्या उरलेल्या भिंती.

मराठी ‘पेशी’चा वंश वेगळा. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा किंवा स्नायू. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशी पाचशे सांगितल्या आहेत, त्या याच अर्थाने. हिंदीत स्नायूला आजही मांसपेशी आणि ‘सेल’ला कोशिका म्हणतात. मराठीने स्नायूसाठी ‘स्नायू’ हाच शब्द ठेवला, जो संस्कृतात मुळात कंडरा, अस्थिबंध अशा धाग्यांसाठी होता, आणि मोकळी झालेली ‘पेशी’ सजीवाच्या मूलभूत घटकाला दिली. खोलीची कल्पना कोशिकेत अधिक टिकली हे खरे. पण पेशी सुटसुटीत आहे आणि समासात सहज बसते: पेशीद्रव्य, पेशीभित्तिका, पेशीविभाजन, एकपेशीय. यांपैकी पेशीभित्तिका वनस्पतींत असते, प्राण्यांत नसते. हूकला दिसली ती हीच.