भिंतीवरची निळाई

जैनाचं घर म्हटलं की भिंती फिक्याच हव्यात, असं आपल्याकडे धरूनच चालतात. नव्या सुनेने हॉलची एक भिंत गडद निळी करूया म्हटलं, की वडीलधारी मंडळी दोन कारणं पुढे करतात. भडक रंग संयमाला शोभत नाही, हे एक. आणि निळा म्हणजे नील लेश्या, ती अशुभ, हे दुसरं. बेळगावकडच्या घरांतून हे इतक्यांदा कानावर आलंय, की म्हटलं, एकदा जुनं काय होतं ते बघूया तरी.

आधी लेश्येचं बघू. श्रवणबेळगोळच्या जैन मठाच्या भिंतींवर जी जुनी चित्रं आहेत, त्यांत एक झाड आहे आणि फळांसाठी आलेले सहा जण. गोष्ट आपण पाठशाळेत ऐकलेलीच आहे. कृष्ण लेश्येचा झाड मुळापासून तोडू म्हणतो, नील लेश्येचा बुंध्याला हात घालतो, आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली फळं वेचतो. म्हणजे रंग चढतो तो जिवाला. भिंतीचा इथे संबंधच येत नाही. उलट ही शिकवण मठाने स्वतःच्या भिंतीवर भरपूर रंग वापरूनच काढून घेतली! आणि रंगच वर्ज्य असते, तर पद्मप्रभ नि वासुपूज्य लाल, मुनिसुव्रत नि नेमिनाथ श्याम वर्णाचे, असं शास्त्रात आलं असतं का?

आता निळ्याचा इतिहास. पंधराव्या शतकात गुजरातेत कल्पसूत्राच्या ज्या श्रीमंती पोथ्या तयार झाल्या, त्यांत सोन्याच्या जोडीला गर्द निळा रंग दिसतो. तो लाजवर्द दगड कुटून करत. हा दगड यायचा आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, त्यामुळे तो भयंकर महाग. पोथीवर लावायचा तो रंग, भिंतीला फासणं कुणाला परवडणार?

युरोपातल्या चित्रकारांचीही हीच रड. शेवटी 1824 मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने, हा निळा स्वस्तात करून दाखवणाऱ्याला 6,000 फ्रँकचं बक्षीस लावलं. 1828 मध्ये ते गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्याने तोच निळा तयार केला. पुढे तो पुडीतून कपड्यांसाठी घराघरांत आला. चुन्यातही तो टिकतो. सफेदीत चिमूटभर टाकला की भिंत शुभ्र दिसायची, मूठभर टाकला की आकाशी. एके काळी पोथीपुरता असलेला रंग असा आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

झाडाच्या पाल्यापासून होते ती नीळ वेगळी, जरी मराठीत दोघींचं नाव एकच. त्या निळीबद्दल मात्र आपल्याकडे खरोखरच आक्षेप होता. बाराव्या शतकातले श्वेतांबर आचार्य हेमचंद्र यांच्या योगशास्त्रात श्रावकाने करू नयेत असे धंदे दिलेत, त्यांत लाखेबरोबर नीळही आहे. लाख किड्यांपासून होते, आणि नीळ करायची तर पाला हौदात कुजवावा लागतो. दोन्हीकडे जीव जातात. थोडक्यात, रंग किती उठून दिसतो यापेक्षा तो कशाच्या जिवावर झाला, ही त्यांची काळजी होती.

मला वाटतं, हाच प्रश्न आज आपण विसरलोय. ऑइल पेंटमधले झगझगीत पिवळे, केशरी, लाल रंग कितीतरी वर्षं शिशाच्या संयुगांपासून होत आले. पोपडे पडले की ते शिसं लहान मुलांच्या पोटात जातं आणि त्यांच्या मेंदूला इजा करतं. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचे थर कितीतरी घरांच्या दारा-खिडक्यांवर अजून असतील. ते कोरडे घासू नयेत. ओले करून काढावेत, आणि तेव्हा मुलांना नि गर्भवतीला घरात थांबवू नये.

तेव्हा सासूबायांनो, सुनेला निळी भिंत हवी असेल तर खुशाल करू द्या. फक्त दुकानात जाताना तिच्याबरोबर जा आणि डबा हातात घेऊन विचारा, यात शिसं नाही ना? अहिंसेचा प्रश्न तिथे आहे.