सफाईचा दर कोण ठरवणार?

'हाउसकीपिंगची एजन्सी काढा', असा सल्ला आपल्या तरुणांना हल्ली सर्रास मिळतो. धंद्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की दर कोण ठरवणार?

महार वतनात गाव झाडण्यापासून मेलेली जनावरे ओढण्यापर्यंतच्या कामांना वेळकाळ नव्हता आणि मोबदला म्हणजे गावाच्या मर्जीवरचे बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कामे निश्चित करा, बलुत्याऐवजी रोख द्या, ही त्यातली मागणी. ते विधेयक मागे घ्यावे लागले. दर ठरवण्याचा हक्क सहज मिळत नसतो.

आज बलुत्याच्या जागी टेंडर आहे. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. पण हिशेब मांडा: किमान वेतन, त्यावर मालकाचा पीएफ १२ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के, शिवाय रजा, हातमोजे, साहित्य. याच्या खाली भरलेला दर झाडूवालीच्या पगारातूनच कापला जातो.

पुण्यात वेगळे घडले. १९९३ साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. घरटी शुल्क आणि भंगाराचे पैसे थेट कचरावेचकांना, ज्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. मध्ये ठेकेदार नाही.

म्हणून मित्रांनो, धंदा जरूर करा, पण कोटेशन वेतनापासून वर बांधा, आणि जमल्यास सहकारी संस्था काढा. ठेकेदार आपला आणि दर मात्र जुनाच, याला आम्ही प्रगती म्हणणार नाही.

जय भीम!