झाड मधे आलं तर?

आजचा एपिसोड डिस्क गोल्फवर. गोल्फच, पण काठी नाही आणि बॉलही नाही. हातात प्लास्टिकची चकती, आणि ती फेकत फेकत लांबच्या लोखंडी टोपलीत टाकायची. सगळ्यात कमी थ्रो ज्याचे, तो जिंकला.

याची गोष्ट सुरू होते १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेल्या एड हेडरिक यांनी तिथे पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. आधी नेम धरायचा तो खांबांवर, झाडांवर. मग ठरलेला वाद: "लागलं!" "नाही लागलं!" त्यावर हेडरिक यांनी साखळ्या लटकवलेली टोपली काढली. चकती साखळ्यांना आपटून आत पडली की वाद संपला. १९७७ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं.

या खेळात अवघड कोर्स म्हणजे दाट झाडीतला. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली चकती वेग कमी झाला की डावीकडे वळते. म्हणजे दोन खोडांमधली फट बघायची, चकती किती तिरकी धरायची ते ठरवायचं आणि मगच फेकायची. इथे नुसती ताकद लावून काही होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो एक नियम. चकती जिथे पडली तिथूनच पुढचा थ्रो. समोर फांदी आली तर ती मोडायची नाही, बांधून बाजूला करायची नाही. झाड आहे तिथेच राहणार, वाट तुम्ही शोधायची.

हे वाचलं आणि मला बुलडाणा जिल्ह्यातलं आमचं गाव आठवलं. शाळेमागच्या वडावर आम्ही सूरपारंब्या खेळायचो. वऱ्हाडात कोणी डाबडुबलीही म्हणतात. पायाखालून काठी लांब फेकायची, राज्य असलेला ती आणायला पळाला की बाकीचे सरसर झाडावर. मग तो खालून शिवायला धडपडणार, आम्ही पारंब्यांना लोंबकळून निसटणार. आम्हालाही झाडच अवघड करायचं आणि झाडच वाचवायचं.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा रस्ता रुंद झाला आणि वड गेला. रस्ता हवाच होता, खोटं कशाला बोलू? आता गाडी पटकन पोहोचते. पण गेल्या दिवाळीत पुतण्याला सूरपारंब्या शिकवायला निघालो, तर खेळायला झाडच नाही. आणि नियम सांगताना माझंच अडलं. काठी वर्तुळात परत ठेवायची, ते शिवायच्या आधी की नंतर?

हेडरिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख काही चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळली. पण खेळ टिकला तो नियम लिहून ठेवले म्हणून, आणि झाडं जागेवर ठेवली म्हणून.

तर या आठवड्याचं काम: आजोबांना, काकांना गाठा. तुमच्या गावच्या झाडावरच्या खेळाचे नियम विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि ते झाड अजून उभं असेल, तर एक डाव खेळूनच या. भेटू पुढच्या भागात!