लॅमिन म्हणजे काय? वीणा परनाईक यांचं संशोधन आणि अकाली म्हातारपणाचं जीन

२००९ मधला 'पा' सिनेमा आठवतोय? अमिताभ बच्चनने साकारलेल्या त्या मुलाच्या आजाराचं नाव प्रोजेरिया. सरासरी आयुष्य साधारण साडेचौदा वर्षं आणि मृत्यू बहुतेक वेळा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने. या आजाराच्या मुळाशी लॅमिन नावाचं प्रथिन आहे. भारतात लॅमिनवर वर्षानुवर्षं चिकाटीने काम केलं ते हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या डॉ. वीणा परनाईक यांनी. एमएस्सी मुंबई विद्यापीठातून, पीएचडी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून आणि मग परत भारतात.

आधी लॅमिन समजून घेऊ. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात डीएनए. केंद्रकाच्या पडद्याला आतून एक जाळी असते, बाजेला सुतळीची वीण असते ना, तशी. ही वीण लॅमिन प्रथिनांची. तिच्यामुळे केंद्रकाचा आकार टिकतो. पूर्वी समज असा की तिचं काम एवढंच, आधार देण्याचं.

परनाईक यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं, की लॅमिन कडेलाच नसतं, केंद्रकाच्या आतही ठिपक्यांच्या रूपात असतं. आणि जीनचा संदेश कापून जोडणारी प्रथिनं नेमकी त्याच ठिपक्यांपाशी जमतात. २००२ मध्ये पुढची पायरी आली. हे ठिपके विस्कटले की त्या प्रथिनांची मांडणी बिघडते आणि जीन वाचण्याचं कामही मंदावतं. म्हणजे बाजेची वीण फक्त वजन पेलत नाही, घरातला कारभारही बघते! माझ्या मते त्यांच्या कामातला हाच सगळ्यात रंगतदार भाग आहे, पण बातम्यांत तो कधी येत नाही. 

२००३ मध्ये प्रोजेरियाचं कारण सापडलं. एलएमएनए नावाच्या जीनमध्ये १८२४ व्या जागी 'सी' ऐवजी 'टी' हे अक्षर. गंमत म्हणजे या बदलाने त्या जागचं अमिनो आम्ल बदलतच नाही. पण कापाकापी करणाऱ्या यंत्रणेला ती चुकून कापायची खूण वाटते आणि ५० अमिनो आम्लांचा तुकडा गळतो. त्याच तुकड्यात चिकट शेपूट छाटण्याची जागा असते. शेपूट राहून गेलेलं हे प्रथिन, प्रोजेरिन, पडद्याला चिकटून बसतं आणि केंद्रक वेडंवाकडं होतं.

२००६ मध्ये परनाईक यांच्या गटाने आजारकारक लॅमिन पेशींत घालून पाहिलं. डीएनए तुटल्यावर दुरुस्तीची प्रथिनं त्या जागी गोळा व्हायला हवीत. काही बिघडलेल्या लॅमिनमुळे ती नीट जमेनात. त्याच वर्षी परदेशातल्या संशोधकांना निरोगी वृद्धांच्या पेशींतही थोडं प्रोजेरिन सापडलं. म्हणून हा विषय मूठभर मुलांपुरता उरला नाही.

इथे एक सांगतो. मी कोपरगावचा, आणि आमच्याकडेही 'डीएनए रिपेअर' म्हणून पावडरी विकल्या जातात. लोक मला पॅकेट दाखवतात. वरच्या संशोधनातून अशी कोणतीही पावडर निघालेली नाही. निघालं ते लोनाफार्निब. मुळात कॅन्सरसाठी बनवलेलं हे औषध ती चिकट शेपूट लागूच देत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत त्याला प्रोजेरियासाठी मंजुरी मिळाली. आयुष्य वाढतं, आजार जात नाही. आणि ते साध्या म्हातारपणावरचं औषध नाही.

आपल्यासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे. प्रोजेरियाचा बदल बहुधा मुलात नव्यानेच होतो, आईवडिलांत नसतो. पण याच जीनमधले दुसरे काही बदल घराण्यात उतरतात आणि हृदयाचा स्नायू कमजोर करतात. पालकांपैकी एकात बदल असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. यात ठोक्यांची गडबड अनेकदा आधी सुरू होते, हृदय तेव्हा सोनोग्राफीत ठणठणीत दिसू शकतं! घरात कोणाला तरुणपणी पेसमेकर बसला असेल किंवा कोणी धडधाकट माणूस अचानक गेला असेल, तर कोण, कितव्या वर्षी, हे कागदावर लिहून हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा आणि एलएमएनए चाचणीबद्दल स्पष्ट विचारा. बदल सापडला तर वेळोवेळी ईसीजी तपासता येतो, गरज पडल्यास शॉक देणारं यंत्र छातीत बसवता येतं.